लगाम ओढणारा घोडा

प्रश्न : पेडगावजवळ भीमेकाठी रोज रपेट करतो. दुडकीला लागला की घोडा लगाम ओढून पळू बघतो. काटेरी लगाम घालू का?
– एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : मुळीच घालू नका. तोंड दुखले की घोडा आणखीच पळतो. आधी पशुवैद्याकडून दाढा तपासून घ्या. दाढेची धारदार कड गाल सोलत असेल, तर तालीम व्यर्थ आहे.

मग पीक निघालेल्या मऊ रानात खुंटी ठोकून दहा मीटर दोरीने वर्तुळ आखा. त्यावर दुडकी धरा. आतली पोटरी तंगाशी ठेवा, बाहेरचा लगाम स्थिर ठेवा. दर काही पावलांनी पाठ ताठ करा, पोटऱ्या हलकेच लावा, बाहेरची मूठ क्षणभर आवळा आणि लगेच सैल करा. हे सैल करणेच बहुतेकांकडून राहते, आणि घोडा हातावर रेलायला शिकतो.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या खेळाचे, सांघिक सुवर्ण जिंकले. त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. त्या खेळाचा पायाही हाच, मूठ आवळून लगेच सैल करण्याचा, सराव आहे.

वीस मिनिटे पुरेत. शेवटी लगाम लांब सोडा, घोड्याला मान खाली ताणू द्या.