वार्धक्य, निवृत्तिवेतन आणि सातबारा

दौंड हे रेल्वेचे जंक्शन. येथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून इंजिनचालक, गार्ड, पॉइंट्समन यांच्या कित्येक पिढ्या येथे नोकरी करून निवृत्त झाल्या. रेल्वे कर्मचाऱ्यांना १९५७ पासून निवृत्तिवेतन योजना लागू झाली. त्या योजनेत आलेल्या सेवकाची रक्कम दरमहा बँकेत जमा होते आणि त्याच्या पश्चात पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याच तालुक्यात भीमाकाठी ऊस पिकविणारा शेतकरी किंवा गुऱ्हाळावर राबणारा मजूर यांच्या आयुष्यात निवृत्तीची तारीखच नसते. हातपाय चालेनासे झाले की तीच निवृत्ती.

निराधार मजुरासाठी शासनाची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. वय ६५ वर्षे पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्यास दरमहा दीड हजार रुपये मिळतात. उत्पन्नाची ही मर्यादा फारच तोकडी आहे, हे नमूद केले पाहिजे.

शेतकऱ्याचा प्रश्न निराळा. त्याची जमीन हेच त्याचे निवृत्तिवेतन. आणि नेमके तेच तो प्रथम देऊन टाकतो. मुलाला कर्ज काढता यावे, पुढे भावाभावांत तंटा नको, अशा सद्हेतूने बक्षीसपत्र होते, सातबारावरील नाव बदलते. त्यानंतर औषधाच्या पैशांसाठीही हात पसरावा लागला, तर दाद कोठे मागावी, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या कायद्याचे कलम २३ येथे उपयोगी पडते. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मात्र अट होती हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या मुद्द्यावर बोट ठेवले. २०२५ मध्ये अधिक उदार अर्थ लावला. तरीही अट दस्तातच लिहिलेली बरी. त्याहून सोपा मार्ग मृत्युपत्राचा: ते हयातीत केव्हाही बदलता येते आणि जमीन स्वतःच्या नावावर राहते.

हे समजावून सांगणार कोण? चाळीस वर्षे गाडीच्या वेळेवर उठलेल्या माणसाला ‘आता स्वस्थ बसा’ असे सांगणे ही त्याला शिक्षाच होय. अर्ज, दाखले, मुदती यांची त्याला सवय असते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला तो स्वतः देतो. अशा निवृत्त रेल्वेसेवकांना व शिक्षकांना महिन्यातून एक सकाळ ग्रामपंचायत कार्यालयात टेबल-खुर्ची मिळाली, तर श्रावणबाळचे अर्ज अपुऱ्या कागदांमुळे अडणार नाहीत, आणि बक्षीसपत्रावर अंगठा उमटण्यापूर्वी ते कोणीतरी वृद्धाला मोठ्याने वाचून दाखवील. यासाठी वेगळा निधी लागत नाही. ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.