गायक दिसतो का, ते आधी बघा

तरुणपणी ज्याच्या कॅसेटी घासून घासून ऐकल्या, त्या परदेशी पॉप गायकाची कॉन्सर्ट फिल्म मल्टिप्लेक्सला लागली. अशा फिल्मचे खेळ दोन-चार दिवसच असतात, तिकीटही नेहमीपेक्षा महाग. गायक सत्तरीच्या घरातला, तेव्हा आवाज उतरलेला असणार हे मी धरूनच चाललो होतो. मनाला लागलं ते वेगळंच. दोन तासांत तो गाताना धड दिसलाच नाही. त्याने तोंड उघडलं की कॅमेरा ड्रमरकडे, तिथून गर्दीत रडणाऱ्या मुलीकडे, तिथून थेट स्टेडियमच्या वर. वरचे सूर आले की कोरस एकदम चढायचा आणि त्याचा आवाज त्यात बुडून जायचा. एका संथ गाण्यात तर त्याने माइक तोंडापासून दूर नेला, तरी ओळ चालूच राहिली! मधला वेळ मुलाखतींनी भरलेला. तो किती थोर आहे, हे त्याचेच वादक सांगत होते.

मल्लिकार्जुन मन्सूरांना त्यांच्या सत्तरीनंतर ऐकलेल्या आपल्या श्रोत्यांना वयस्क आवाजाचं वावडं नाही. पॉपच्या श्रोत्यांनाही असायचं कारण नाही. लेनर्ड कोहेनची ‘लाइव्ह इन लंडन’ बघा. जुलै २००८ मधला तो कार्यक्रम झाला तेव्हा कोहेन ७३ वर्षांचा होता. साठवलेली पुंजी गेल्यामुळे सुमारे पंधरा वर्षांनी तो पुन्हा दौऱ्यावर निघाला होता. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा खोल, पण शब्द न् शब्द स्वच्छ. वादक एकटा वाजवत असला की हा टोपी काढून, त्याच्याकडे वळून ऐकत उभा राहतो. ते ऐकणंसुद्धा आपल्याला बघायला मिळतं.

नील यंगची ‘हार्ट ऑफ गोल्ड’ ऑगस्ट २००५ मध्ये नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये चित्रित झाली. त्याच वर्षी त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवर उपचार झाले होते. दिग्दर्शक जोनाथन डेमीचा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर निवांत थांबतो. डेमीची ही जुनीच रीत. १९८४ च्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’मध्येही प्रेक्षक जवळजवळ शेवटीच दिसतात.

म्हणून तिकीट काढण्याआधी दिग्दर्शक कोण, ते बघा. ट्रेलरमध्ये गायक एक अख्खी ओळ सलग, एकाच शॉटमध्ये गाताना दिसतो का, हे तर बघाच बघा. सगळा ट्रेलर आतषबाजी, गर्दी आणि जुन्या फोटोंवर निघाला असेल, तर फिल्ममध्येही बहुधा तेच मिळेल. मूळ गाण्यापेक्षा पट्टी खाली आणली असेल तर नाक मुरडू नका. झेपेल त्या पट्टीत गाणारा गायक तुम्हाला स्वतःच्या गळ्याचं काहीतरी देणार आहे. नंतर स्टुडिओत केलेल्या दुरुस्त्यांचाही मी बाऊ करणार नाही. १९७८ च्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’मधलं बरंचसं नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलं आहे, तरी स्कॉर्सेसीने माणसं इतक्या जवळून दाखवली आहेत की ती फिल्म मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन.

आणि एक. त्या गायकाने अलीकडे रेडिओवर मोजक्या वाद्यांसह गायलेलं काही मिळालं, तर जाण्याआधी ते ऐकून घ्या. तिथे ना गर्दीचा गोंगाट, ना कोरसचा आडोसा. आजचा हा आवाज तुम्हाला दोन तास ऐकावासा वाटला, तर खुशाल जा आणि घरच्यांनाही घेऊन जा.