क्लच गाडीमुळे जळला नव्हता

"त्यांच्या गाडीत दमच नाही, नावालाच फोर बाय फोर," असं एका गुत्तेदाराने माझ्या पिकअपबद्दल देगलूरभर सांगून ठेवलं आहे. चहाच्या टपरीवर चार वेळा ऐकून घेतलं, आता लिहूनच टाकतो. गाडीत दम होता. तो वापरायचा, म्हणजे चारही चाकं जोडायचा आणि लो टाकायचा, छोटा लिव्हर गियरच्या शेजारीच होता आणि त्याचं काय करायचं हे मी किल्ली देताना सांगितलंही होतं.

गुत्तेदाराचं काम मरखेलच्या पुढे, हणेगावच्या बाजूला. शेतातल्या पाइपलाइनचे पाइप आणि मजूर पांदणीने आत न्यायचे. डिझेल त्याचं, ड्रायव्हर त्याचा, गाडी माझी. पाऊस नुकताच उघडला होता. आपल्या काळ्या मातीला वरून ऊन लागलं की ती सुकल्यासारखी दिसते, पण आत ओल तशीच असते. चाक दोन फेरे फिरलं की टायरच्या नक्षीत माती भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जागेवर घसरायला लागतो. त्यात आपल्याकडे देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात मध्येच ग्रॅनाइटचे धोंडे वर आलेले. म्हणजे चिखलातून हळू जायचं आणि धोंड्यावरून त्याहून हळू.

म्हणून मी त्याच्या ड्रायव्हर पोराला म्हणालो, "पांदणीला लागायच्या आधी थांब आणि लो टाक. फसल्यावर नाही, आधी." तो म्हणाला, "लो टाकल्यावर गाडी पळंना, मालक." मी काही बोलायच्या आत गुत्तेदारच मध्ये बोलला, "भाऊ, आमचा पोरगा हायवा चालवतो. त्याला काय शिकवालाव?"

संध्याकाळी फोन आला : गाडी मरखेलला उभी आहे, क्लच गेला, घेऊन जा. ना काय झालं ते सांगितलं, ना कसं झालं ते. ट्रॅक्टरने टोचन करून गाडी देगलूरच्या गॅरेजला आणली.

मिस्त्रीने आधी छोटा लिव्हर टू-हायवर, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर, आणायला ओढला. लिव्हर फोर-हायवर घट्ट अडकलेला, जागचा हलेना. मिस्त्रीने जोर लावला नाही. जॅक घेतला, पुढचं एक चाक उचललं आणि आम्हाला म्हणाला, "हात लांब ठेवा." चाक जमिनीवरून सुटलं तसं कुणी हात न लावता झटक्यात गर्रकन फिरलं आणि लिव्हर बोटाने हलला. तिथेच मला सगळं कळलं. गाडी चिखलातून बाहेर आल्यावरही पोराने लिव्हर काढलेला नव्हता. डांबरी रस्त्यावर चारही चाकं जोडलेली ठेवून तो मरखेलपर्यंत आला होता. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत हा फरक चाक घसरून निघून जातो, डांबरावर निघत नाही. तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो, गाडी दाबून धरल्यासारखी चालते आणि तो सगळा भार आधीच पोळलेल्या क्लचवर येतो.

मग गियरबॉक्स उतरवला. क्लच प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत खाल्लेलं, फ्लायव्हीलवर निळे डाग, आणि हाउसिंगमधून मूठभर काळी भुकटी खाली पडली. त्या शेताच्या शेजाऱ्याने पुढे मला सांगितलं की दुपारीच गाडीखालून धूर निघत होता आणि पोरगा रेस देतच होता.

ती प्लेट मी गुत्तेदाराला नेऊन दाखवली. त्याने हातात घेतली नाही. "आधीचीच घासलेली असेल," म्हणाला. क्लच उन्हाळ्यात नवा टाकला होता, बिल माझ्या खिशात होतं. बिल पुढे केलं तर तो मोबाइल बघत बसला. वरून कामाचा खोळंबा झाला म्हणून भाडंही कापलं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलची घासाई, सगळं माझ्या अंगावर.

आता ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी. क्लच का जळतो, याचा हिशोब एकदा समजून घ्या. अशा पिकअपमध्ये पहिला गियर आणि एक्सल मिळून इंजिनाचे साधारण सोळा फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा. आयडलिंगला इंजिन मिनिटाला 800 फेरे धरलं तर क्लच पूर्ण सोडल्यावर गाडी ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास चालते. धोंड्यांच्या पांदणीत एवढ्या वेगाने भरलेली गाडी नेता येत नाही, तिथे अडीच-तीनच पाहिजे. मग ड्रायव्हर काय करतो? मधला फरक हाफ क्लचने काढतो, आणि तोच फरक प्लेट जाळतो. लो टाकलं की ट्रान्सफर केस तोच वेग जवळपास अडीच पटीने कमी करतो आणि ओढ तितकीच वाढवतो. क्लच पूर्ण सोडलेला, पाय बाजूला, गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू आपोआप चालते. म्हणून "लो टाकल्यावर पळत नाही" ही तक्रारच चुकीची आहे. पळू नये म्हणूनच ते दिलेलं आहे.

हे काही नवीन नाही. महिंद्राने 1940च्या दशकात मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, त्यांनाही लो होतंच. त्यासाठी छोटे लिव्हर दोन होते, एक पुढचा एक्सल जोडायला आणि दुसरा हाय-लोला.

लो टाकताना गाडी पूर्ण थांबवा. क्लच तळापर्यंत दाबा, मोठा गियर न्यूट्रलला आणा आणि छोटा लिव्हर न थांबता एका दमात फोर-लोपर्यंत न्या. दात लागले नाहीत तर झटापट करू नका. मोठा गियर टाकून क्लच किंचित सोडा, परत दाबा, गियर काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

हाय आणि लोच्या मधल्या न्यूट्रलवर छोटा लिव्हर सोडून कधीच खाली उतरू नका. तिथे चाकांचा गियरबॉक्सशी संबंध तुटलेला असतो. मोठा गियर टाकलेला असला तरी उतारावर गाडी निघून जाते. हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली दगड लावा.

नुसता चिखल असेल तर लोचा दुसरा गियर बरा. पहिल्यात ओढ इतकी येते की चाक पकड सोडून खड्डा करतं. धोंडे, चढ, उतार असेल तर पहिला. उतरताना पाय क्लचवर ठेवायचाच नाही. इंजिनच गाडी धरून ठेवतं, क्लच दाबला की ती पकड सुटते आणि गाडी पाहता पाहता वेग घेते. चढावर बंद पडली तर ब्रेकवरच थांबा, क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन चालू करा आणि क्लच सोडून सरळ मागे या. आडवी वळवायला जाऊ नका.

चाक फिरतंय आणि गाडी सरकत नाही, असं दिसलं की लगेच रेस सोडा. प्रत्येक फेऱ्याला चाक आणखी खाली जातं. उतरा, चाकामागची माती फावड्याने काढा आणि आलात त्याच चाकोरीने मागे घ्या. गाडी रिकामी असेल तर टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवली तरी फरक पडतो, पण डांबरीवर आल्या आल्या भरून घ्या. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर दोर चेसिसच्या हुकाला बांधा, बंपरला नाही, आणि बघ्यांना दोरापासून लांब करा.

डांबरी लागली की टू-हाय. यात दुसरा विचार नको. लिव्हर अडकला तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतो. फावडं, दोर, एक-दोन फळ्या गाडीत ठेवाव्यात, ट्रान्सफर केसचं ऑइल बघत जावं, महिन्यातून एकदा मातीवर फोर बाय फोर टाकून थोडी चालवावी. कंपनीचं पुस्तक वाचावं.

आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांना : ओळख बघू नका. मी ओळखीवरच दिली होती. आता क्लचचा खर्च कोणाचा ते आधी कागदावर लिहून घेतो आणि येणाऱ्या ड्रायव्हरला माझ्यासमोर लो टाकून दहा पावलं गाडी चालवायला लावतो. हायवा चालवत असो नाहीतर ट्रेलर, ज्याला ते जमत नाही त्याला किल्ली देत नाही. त्या गुत्तेदाराने यंदा पेरणीच्या तोंडावर पुन्हा गाडी मागितली. आधीचं बिल द्या म्हणालो, तर त्याने फोन ठेवला.