वृद्धांची ठेव व बँकेची जबाबदारी

चुडाव्यासारख्या गांवीं वृद्धाच्या खात्यांतून कार्डाच्या अथवा फोनच्या द्वारें पैसा चोरीस गेला, तर तो दैवास बोल लावून गप्प बसतो. वाचकहो, हें मौनच त्यास नडतें. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं ठरवून दिलेले नियम आपण समजून घेऊं.

१. बँकेची हयगय असल्यास खातेदारावर कांहींच भार नाहीं.

२. दोष दोघांचाही नसून तिऱ्हाइताचा असेल, तर सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवावें; सर्व रक्कम बँकेनें भरून द्यावयाची. चार ते सात दिवस लागल्यास कांहीं अंश खातेदारावर येतो.

३. गुप्त अंक स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचें नुकसान खातेदाराचें, त्यापुढील बँकेचें.

खातेदाराचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. म्हणून उपदेशक बंधूंनीं वृद्धास दूषण न देतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें, त्याच दिवशीं त्यास बँकेंत न्यावें व अर्जाची पोंच घ्यावी.

प्रश्न : (१) तीन दिवसांचें महत्त्व काय? (२) आपल्या मंडळींत एकटे राहणारे वृद्ध कोण, व त्यांची विचारपूस कोण करतो?