आमच्या नाल्यातील कामकरी

घाटकोपरला आमची चाळ नाल्याला लागून आहे. आईचे चांदीचे पैंजण रांगोळीने कितीही घासले तरी महिन्याभरात काळे पडतात. "इथली हवाच वाईट," ती म्हणते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पण त्या काळेपणाचे कारण शोधता शोधता जीवाणूंपर्यंत येऊन पोहोचले.

घाण खाऊन जगणारे असंख्य जीवाणू पाण्यात व मातीत असतात. प्राणवायू मिळाला तर ते मैल्याचे बहुतांशी पाणी व कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. दोहोंनाही वास नाही. प्राणवायू संपला की मात्र हे जीवाणू मागे पडतात आणि हवेवाचून जगणारे दुसरे पुढे येतात. तेही घाणच खातात, पण पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार करतात. नाल्याचा कुजक्या अंड्यासारखा वास तो हाच, आणि त्यातील गंधकाचाच काळा थर चांदीवर चढतो. म्हणजे आमच्या नाल्यात कामकरी भरपूर आहेत. उणीव आहे ती हवेची.

ती हवा देण्याची सोयही काही दूर नाही. महापालिकेने घाटकोपर व भांडुप येथे सांडपाण्यासाठी मोठे तलाव बांधले. अशा तलावात यंत्रांनी पाणी घुसळून हवा मिसळतात, जीवाणू आपले काम करतात, आणि मग पाणी ठाण्याच्या खाडीत सोडले जाते. पण जे पाणी गटाराच्या नळातून येईल तेच तेथे पोहोचणार! आमच्या चाळीच्या संडासांचे पाणी सरळ नाल्यात उतरते.

मुलुंडच्या डंपिंग ग्राउंडची कथाही निराळी नाही. २०१८ साली ते बंद झाले तेव्हा तेथे सुमारे ७० लाख टन कचरा होता. अशा ढिगाच्या पोटात हवा शिरत नाही, म्हणून मिथेन होतो व आगी लागतात. उपाय म्हणजे ढीग उकरणे, वरखाली करून जीवाणूंना वारा देणे, आणि कुजून झालेली माती चाळून घेणे. प्लॅस्टिक व काच चाळणीवर तशीच उरतात. शिसे, पारा तर मूलद्रव्येच. ती कोणत्याही जीवाणूला मोडता येत नाहीत.

बुरशी याहून चिवट. लाकूड पांढरे करून कुजवणारी बुरशी ज्या विकरांनी लाकडातील लिग्निन फोडते, त्यांनीच कापडाचे कित्येक रंगही फोडते. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तर अमेरिकेत खनिज तेल खाणारा जीवाणू घडवला. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पेटंट मान्य केले. आमच्या नाल्याला मात्र असा नवा जीवाणू नको. त्याला हवा आहे एक नळ.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे जोडणीचा अर्ज लिहिण्याचे काम चाळीच्या सभेने माझ्यावर सोपवले आहे. त्यात पैंजणांचा उल्लेख करावा की नाही, हे अजून ठरलेले नाही.