घंटा वाजवा, मासा दारात उभा आहे!

मैत्रिणींनो, बैठक संपली, वहीवर सह्या झाल्या, की आपल्या हातात मोबाईल येतो. मग तेच रील, तेच फुलांचे सुप्रभात, आणि कुणीतरी पुढे ढकललेली एखादी अफवा. रिचार्जला मात्र पैसे पूर्ण मोजतो आपण! त्याच रिचार्जमध्ये काय काय बघायला मिळतं, त्यातल्या तीन गोष्टी आज सांगते. तिन्हींसाठी वेगळा पैसा लागत नाही.

नेदरलँड्स देशात उट्रेख्त नावाचं शहर आहे. शहरातून कालवा वाहतो आणि कालव्यावर होड्या सोडायचा मोठा दरवाजा आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात. पण त्या दिवसांत होड्या फारशा नसतात, त्यामुळे दरवाजा बंदच. मासे बिचारे दारात ताटकळतात आणि पक्षी त्यांच्यावर ताव मारतात. यावर २०२१ साली तिथल्या लोकांनी नामी युक्ती काढली. पाण्याखाली कॅमेरा लावला आणि इंटरनेटवर घंटेचं बटण ठेवलं. जगात कुठेही बसून बघा, मासा दिसला की बटण दाबा. फोटो तिकडे पोचतो आणि पुरेसे मासे जमलेले दिसले की दरवाजा उघडतात. म्हणजे तुम्ही भाकरी थापता थापता परदेशातल्या माशाला वाट करून देऊ शकता. फक्त हाताचं पीठ आधी पुसा! ही घंटा वसंतातच चालू असते, साधारण मार्च ते मे. आणि कधी कधी बराच वेळ नुसतं गढूळ पाणीच दिसतं, हेही सांगून ठेवते.

दुसरी गोष्ट कॉफीची. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटरवाले संशोधक कॉफी प्यायला जिने चढून-उतरून यायचे आणि भांडं रिकामं! म्हणून १९९१ साली त्यांनी भांड्यासमोर कॅमेराच लावला. जागेवर बसून बघायचं, कॉफी आहे की संपली. १९९३ पासून २००१ पर्यंत ते चित्र सगळ्या जगाला दिसत होतं. आज आपण व्हिडिओ कॉलवर लेकीला बघतो, पण इंटरनेटवरचा पहिला कॅमेरा म्हणून नाव झालं ते या कॉफीच्या भांड्याचं.

तिसरी गोष्ट आपल्याच घरची. ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेली ही वेबसाईट मराठीतही वाचता येते. तिथे जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बायकांच्या खऱ्या आवाजात ऐकायला मिळतात. मुळशी-मावळच्या आहेत, बीडमधल्या माजलगावच्या आहेत. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्यात येतं. आपल्यातल्या कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, सांगा बरं? इथे मात्र ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं.

गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. जातं परत ओढायला कुणी तयार होणार नाही, मी तर नाहीच. पण जातं थांबलं तशी ओवी म्हणायची वेळही गेली, आणि आजीबरोबर तिच्या ओव्याही चालल्या आहेत.

हे शोधायला टाईप करता यायलाच हवं असं नाही. गुगलवर माईकचं चित्र दाबा आणि ‘जात्यावरच्या ओव्या परी’ असं बोला. माशांसाठी ‘फिश डोअरबेल’ म्हणा. एक लक्षात ठेवा, यातलं काहीही बघायला ओटीपी, आधार किंवा खातं नंबर लागत नाही. कुणी मागितला तर तुम्ही चुकीच्या दारात आलात, लगेच बंद करा.

गटातल्या कुणाच्या तरी घरी ऐंशी पार केलेली आजी असेलच. तिच्याजवळ बसून दोन ओव्या लावा. चाल ओळखीची निघाली तर पुढची तीच म्हणेल. तिला आधी विचारून दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि माहेर तिच्याच तोंडून बोलवून घ्या.