‘क्वीन’शी उशिरा झालेली ओळख

प्रश्न : ‘क्वीन’ या बँडवरचा सिनेमा पाहून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ हा अल्बम ऐकायला घेतला. उशीर झाला का? नीट कसा ऐकावा?
– एक वाचक, चौबे कॉलोनी, रायपूर

उत्तर : उशीर मुळीच नाही. ‘बोहिमियन ऱ्हॅप्सडी’ हे याच अल्बममधलं गाणं १९७५ च्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर, १९९१ मध्ये, ते पुन्हा तिथेच पोचलं. तेव्हाही कितीतरी जणांनी ते पहिल्यांदाच ऐकलं असणार.

शिवाय मराठी मुलखाशी ‘क्वीन’चं जुनं नातं आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फारूख बलसारा, म्हणजेच फ्रेडी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या मुलांच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

ऐकताना गाणी उलटसुलट करू नयेत. अल्बम सलग ऐकावा, तोही हेडफोन लावून. ‘द प्रॉफेट्स साँग’मध्ये फ्रेडीचाच आवाज प्रतिध्वनीसारखा स्वतःवरच रचला जातो. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मधला हार्प गिटारवादक ब्रायन मेने वाजवला आहे. ‘बोहिमियन ऱ्हॅप्सडी’तला ऑपेराचा अख्खा समूह म्हणजे फ्रेडी, मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर हे तिघंच! एकावर एक आवाज चढवताना टेप झिजून आरपार दिसू लागली, असं मे सांगतात.

पहिल्यांदा सगळंच आवडेल असं नाही. अल्बममध्ये गमतीची, नाटकी गाणीही आहेत. दोनतीनदा ऐका, मगच मत बनवा.